कल्चर रिपोर्टमधले अनोळखी नाव : रक्ताचा कर्करोग आणि जंतुसंसर्ग

मागील अंकात या सदरात केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी का कमी होतात, याविषयी लिहिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांमध्ये एक सूर सारखा उमटत होता : रुग्णाच्या कल्चर रिपोर्टवर (रक्तासारख्या नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीवर) पूर्वी कधी न ऐकलेल्या जंतूचे नाव आले आणि घरचे सगळे हादरले. त्यांपैकी काही पत्रे येथे घेत आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, त्यामुळे उपचाराचा अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६१) अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया आहे. दुसऱ्या केमोनंतर बाराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. रक्ताच्या कल्चरमध्ये एका बाटलीत ‘बॅसिलस’ वाढल्याचे कळले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ‘नमुना घेताना त्वचेवरून आला असेल’ असे सांगितले. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मात्र तातडीने व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केले आणि छातीतली लाइनही (औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) काढायला लावली. नंतर ‘बॅसिलस सेरियस’ असे पूर्ण नाव आले. हा शिळ्या भातात वाढणारा जंतू आहे, असे वाचनात आले. आमच्याकडे रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकतात. आई तेव्हापासून स्वतःलाच दोष देत आहे. खरे काय समजावे? — एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आईंना आधी एवढे सांगा की हा जंतू मातीत, धुळीत, धान्यात, रुग्णालयातील चादरींवरदेखील सापडतो आणि तुमच्या वडिलांच्या रक्तात तो भातातूनच गेला, असे छातीठोकपणे कोणीही म्हणू शकणार नाही. छातीत लाइन होती, आणि लाइनवाल्या रुग्णात ती वाट अधिक संभवते.

दोन डॉक्टरांची मते परस्परविरोधी वाटली तरी पहिले मत निष्काळजीपणाचे होते, असे मला वाटत नाही. निरोगी माणसाच्या एका बाटलीत बॅसिलस वाढला, तर तो बहुतेक वेळा खरोखरच नमुना घेताना शिरलेला असतो. रुग्ण कोण आहे, यावर त्याच रिपोर्टचा अर्थ बदलतो. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३० टक्के आहेत. म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या झाली ३६०. हा गुणाकार प्रत्येक कुटुंबाने शिकून घ्यावा, कारण ‘काउंट बाराशे आहे’ एवढ्यावरून खरी परिस्थिती कळत नाही. ही संख्या ५०० च्या खाली गेली की जंतुसंसर्गाचा धोका झपाट्याने वाढतो आणि १०० च्या खाली तो सर्वाधिक असतो. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये हे नाते आकड्यांनिशी दाखवून दिले. संख्या किती खाली गेली याइतकेच ती किती दिवस खाली राहिली यालाही महत्त्व आहे, हेही त्याच अभ्यासातून स्पष्ट झाले.

अशा रुग्णात बॅसिलस सेरियस रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून ‘दूषित नमुना’ म्हणून तो सोडून देणे परवडत नाही. तो पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील बहुतेक औषधे निकामी करणारे विकर (एन्झाइम) तयार करतो, त्यामुळे ताप येताच नेहमी सुरू होणारी औषधे त्याच्यावर अपुरी पडण्याची शक्यता असते; व्हॅन्कोमायसिन निवडले गेले ते यासाठी. लाइनच्या आतल्या भिंतीला जंतू चिकटून बसले तर नुसत्या औषधाने ते निघत नाहीत, म्हणून ती काढावी लागली. लाइन हाच उगम आहे का, हे ताडण्याची एक सोपी युक्ती आहे. लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेतात. लाइनमधल्या रक्ताची बाटली दोन तास किंवा त्याहून अधिक आधी ‘पॉझिटिव्ह’ झाली, तर संशय लाइनवर जातो. कल्चरसाठी दोन ठिकाणांहून रक्त का घेतात, अशी तक्रार अनेक नातेवाईक करतात. ते रक्त वाया जात नाही.

भाताविषयी : या जंतूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यातून जंतू पुन्हा वाढतात. काही वेळा भातात त्याचे विष तयार होते, आणि ते परत गरम केल्यानेही जात नाही. पेशी कमी असलेल्या काळात वडिलांना ताजा भातच द्यावा. घरातल्या इतरांचा फोडणीचा भात बंद करण्याचे कारण नाही, फक्त उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवावा. आणखी एक, अल्कोहोलचे सॅनिटायझर बीजाणूंवर चालत नाही. लाइन हाताळण्यापूर्वी साबण आणि पाण्याने हात धुतलेले बरे.

प्रश्न : माझे यजमान ल्युकेमियाचे रुग्ण आहेत. केमोनंतर नवव्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास १०१ ताप आला. मी पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला आणि ते शांत झोपले. सकाळी ओपीडीत नेले तर डॉक्टर माझ्यावर चिडले आणि लगेच ॲडमिट केले. ताप तर उतरला होता, मग माझे चुकले काय? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्ही जे केले ते बहुतेक घरांत होते, आणि हे पत्र मी छापतो आहे ते त्यासाठीच. आपल्याकडे साध्या तापाला पहिली रात्र पॅरासिटामॉलची, असा शिरस्ता आहे. न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णाला तो लागू नाही.

ज्या पेशी पू तयार करतात, सूज आणतात, फुफ्फुसात डाग दाखवतात, त्याच शरीरात उरलेल्या नसतात. त्यामुळे न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, लाइनच्या जागी संसर्ग असून लाली दिसत नाही. अनेकदा ताप हे एकमेव लक्षण असते, आणि गोळी देऊन आपण तेच पुसून टाकतो. जंतू रक्तात वाढतच राहतात. तोंडाने घेतलेला ताप एकदा जरी १०१ अंशांपर्यंत गेला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर रात्र असो वा पहाट, तो आणीबाणीचा ताप समजायचा. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत कल्चर घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा, हे जगभर मान्य झालेले उद्दिष्ट आहे. कल्चर आधी घ्यावे, पण त्यासाठी औषध खोळंबू नये.

रिपोर्ट येण्याची वाट न पाहता औषध सुरू करण्याची ही पद्धत फार जुनी नाही. तापाचे कारण कळल्याशिवाय उपचार करू नयेत, असे आधी मानले जाई आणि कल्चरचे उत्तर येईपर्यंत कित्येक रुग्ण दगावत. १९७१ मध्ये स्टीफन शिम्फ यांच्या गटाने पेशी कमी असलेल्या, ताप आलेल्या कर्करुग्णांना दोन अँटिबायोटिक लगेच देऊन पाहण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि मग रीत बदलली.

जंतू दुर्मीळ आहे की नेहमीचा, हा प्रश्न या पहिल्या तासात गौण असतो. आपल्या रुग्णालयांत या रुग्णांच्या रक्तात सर्वाधिक सापडतात ते ई. कोलाय, क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास हे नेहमीचेच जंतू. माझे स्पष्ट मत असे आहे की भीती वाटायचीच असेल, तर ती लांबलचक लॅटिन नावाची वाटू नये, मेरोपेनेमसारख्या प्रभावी अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या क्लेबसिएलाची वाटावी. दुर्मीळ जंतूंपैकी कित्येकांवर साधी, जुनी, स्वस्त औषधे चालतात. अडचण ओळख पटण्यात असते.

मध्यरात्री ऐरोलीहून परळच्या किंवा खारघरच्या कर्करोग रुग्णालयात जाण्यात वेळ मोडणार असेल, तर पहिला डोस जवळच्या रुग्णालयात घेण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा. त्यांच्याकडून एका कागदावर आजाराचे नाव, शेवटच्या केमोची तारीख, कोणते अँटिबायोटिक द्यायचे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे एवढे लिहून घ्या व तो कागद थर्मामीटरच्या डबीतच ठेवा. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, कारण प्लेटलेट कमी असतात. गुदद्वारातून ताप मोजणे, एनिमा किंवा सपोझिटरी यांपैकी काहीही करू नये. पोर्ट किंवा पिक लाइन (शिरेत बसवलेल्या नळ्यांचे प्रकार) फ्लश केल्यावर, म्हणजे औषधी पाण्याने धुतल्यावर, अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरली, तर ते आवर्जून सांगा. लाइनमधल्या संसर्गाची ती मोठी खूण आहे. आणि स्टिरॉइड सुरू असेल तर ताप येईलच याची खात्री नसते. रुग्ण अचानक गळून गेला, असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघायचे.

प्रश्न : काकांना (वय ६८) लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे आणि बरेच महिने स्टिरॉइड चालू होते. खोकला व ताप आला, सिटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठी दिसल्या. टीबी समजून तीन महिने औषधे दिली, गुण आला नाही. दुसरीकडे ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) केली तेव्हा ‘नोकार्डिया’ हा जंतू निघाला. आता वर्षभर गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत आणि डोके दुखत नसतानाही मेंदूचा एमआरआय करायला लावला. हे सगळे आवश्यक आहे का? गच्चीतल्या कुंड्या टाकून द्याव्यात का? — एक वाचक, कामोठे, नवी मुंबई

उत्तर : एमआरआय आवश्यक होता. नोकार्डिया फुफ्फुसातून मेंदूत जातो आणि तिथे गळू तयार होऊनही काही काळ कसलीच तक्रार नसते. मेंदूत काही सापडले, तर औषधांची निवड आणि मुदत दोन्ही बदलतात, म्हणून तो आधीच करतात.

टीबीशी होणारी गफलत हा आपल्या देशातला नेहमीचा अनुभव आहे आणि त्याला कारणे आहेत. ताप, खोकला, वजन घटणे, फुफ्फुसात गाठी किंवा पोकळी, हे सगळे दोन्हींत सारखे. शिवाय टीबीचे जंतू पाहण्यासाठी काचपट्टीला जो रंग देतात, त्यात तीव्र आम्लाने धुतल्यावरही टीबीचा जंतू लाल राहतो. नोकार्डियाही हा रंग थोडाफार धरून ठेवतो. सौम्य आम्ल वापरून तीच पट्टी रंगवली की फांद्या फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे बारीक धागे दिसतात, आणि टीबीच्या सुट्या काड्यांपेक्षा ते वेगळे ओळखू येतात. पण ते पाहायला कोणीतरी सांगावे लागते. नेहमीचे कल्चर दोन दिवसांत काही वाढले नाही तर अनेक ठिकाणी बंद करतात. नोकार्डियाला कधी चार-पाच दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘लिम्फोमा, स्टिरॉइड चालू, नोकार्डियाची शंका’ असे लिहिलेले असेल, तर प्लेट जपून ठेवली जाते. नुसते ‘ताप’ लिहिलेल्या फॉर्ममुळे किती निदाने निसटली असतील, याचा विचार केला की वाईट वाटते. नातेवाईकांनी फॉर्मवर काय लिहिले आहे ते विचारायला संकोचू नये.

टीबीची औषधे सुरू करताना बेडक्याची जीन-एक्सपर्ट तपासणी (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) झाली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. ती निगेटिव्ह असेल आणि महिना-दीड महिन्यात गुण नसेल, तर रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात गाठीतूनच नमुना घ्यावा, असे माझे मत आहे. टीबी झालेलाच नव्हता, असे मात्र तेवढ्यावरून म्हणता येत नाही. क्वचित दोन्ही एकत्रही असतात.

एदमों नोकार या फ्रेंच पशुवैद्यांनी १८८८ साली हा जंतू गुरांच्या आजारात प्रथम वर्णिला. नाव त्यांच्यावरूनच आहे. मुख्य औषध कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत आलेली गोळी. आजार पसरलेला असेल तर सुरुवातीला तिच्यासोबत इमिपेनेम, अमिकासिन किंवा लिनेझोलिडसारखी औषधे देतात. मुदत सहा ते बारा महिने. मेंदूत शिरकाव असेल किंवा प्रतिकारशक्ती कमीच राहणार असेल तर किमान वर्ष. लवकर थांबवले की तो उलटतो. मोठ्या मात्रेमुळे रक्तपेशी घटणे, पोटॅशियम वाढणे, क्रिएटिनीन चढणे, अंगावर पुरळ येणे असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे ठरल्याप्रमाणे रक्ततपासण्या चुकवू नका. काहींना वाटते की आपण आठवड्यातून तीनदा हीच गोळी आधीपासून घेत आहोत, म्हणजे नोकार्डिया होणारच नाही. ती छोटी मात्रा प्रामुख्याने न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी असते. नोकार्डियापासून तिचे संरक्षण पूर्ण नसते.

कुंड्या राहू द्या. मातीतला हा जंतू धुळीबरोबर श्वासातून किंवा जखमेतून शिरतो, तेव्हा काकांनी माती उकरणे, कुंडी बदलणे, सुके खत कालवणे ही कामे दुसऱ्यावर सोपवावीत. तुळशीला पाणी घालायला हरकत नाही. सोसायटीत खोदकाम किंवा पाडकाम चालू असेल, तर खिडक्या बंद ठेवाव्यात. त्या धुळीत बुरशीचाही धोका असतो. हा आजार काकांपासून घरातल्या कोणाला होणार नाही.

प्रश्न : पेशी वाढाव्यात म्हणून शेजारच्या काकूंनी गव्हांकुराचा ताजा रस आणि पपईच्या पानांचा रस सुचवला आहे. रुग्णालयाने मात्र दहीसुद्धा बंद केले आहे. इतकी बंधने खरोखर लागतात का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : काकूंचा हेतू चांगला असला, तरी गव्हांकुराचा रस नको. तो मातीत वाढवलेल्या कच्च्या पात्यांचा, न उकळलेला रस असतो. म्हणजे ज्या काळात माती टाळायची, त्याच काळात ती गाळून पिण्यासारखे आहे. पपईच्या पानांनी केमोमुळे घटलेल्या न्यूट्रोफिल वाढतात, असा भरवसा ठेवू नये. कच्चे मोड आलेले मूग-मटकीही याच कारणाने वर्ज्य. त्यांची उसळ शिजवून खाल्ली तर चालेल.

एरवीच्या कडक पथ्याबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. सगळी कच्ची फळे-भाज्या बंद करणारा आहार आणि नीट धुऊन, स्वच्छ हाताळलेला साधा आहार यांची तुलना करणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांत पहिल्यामुळे संसर्ग कमी झाल्याचे दिसलेले नाही. केळे, संत्रे, सोललेले सफरचंद बहुतेक वेळा चालते. गाड्यावरची कापलेली फळे, उसाचा रस आणि बाहेरची चटणी मात्र नकोच. दह्याबाबत केंद्रागणिक मत वेगळे आहे, तेव्हा तुमच्या रुग्णालयाचे ऐका. प्रोबायोटिक कॅप्सूल तर त्या काळात स्वतःहून घेऊच नयेत, कारण त्यातलेच लॅक्टोबॅसिलस रक्तात सापडल्याची उदाहरणे आहेत. न तापवलेले दूध आणि कच्चे पनीर यांत लिस्टेरिया असू शकतो. तो फ्रिजच्या ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो आणि नेहमीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांना जुमानत नाही. त्याला अँपिसिलीन लागते. पनीर भाजीत घालून चांगले उकळले की प्रश्न मिटतो.

प्रश्न : सासऱ्यांना मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कर्करोग) आणि मधुमेह आहे. गणपतीला सिंधुदुर्गातल्या घरी जायचेच, असा त्यांचा हट्ट आहे आणि तिथे गेले की ते अनवाणी शेतात उतरल्याशिवाय राहत नाहीत. कोणीतरी ‘मेलिऑइडोसिस’चे नाव सांगून घाबरवले. न्यावे की न न्यावे? — एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : डॉक्टरांनी परवानगी दिली, तर न्यावे. शेतात मात्र उतरू देऊ नये.

मेलिऑइडोसिस ज्याच्यामुळे होतो तो बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगूनमधील रुग्णांवरून त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याकडे तो विशेषतः किनारी कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या भागांत आढळतो, आणि रुग्ण पावसाळ्यात वाढतात. मधुमेह हा त्याचा सर्वांत मोठा मित्र; मायलोमाच्या उपचारातील डेक्सामिथासोन या स्टिरॉइडने साखर आणखी चढते आणि मायलोमात उपयोगी प्रतिपिंडे आधीच कमी झालेली असतात. भेगाळलेल्या टाचेतून, छोट्या खरचटीतून किंवा मुसळधार पावसात श्वासावाटे तो शिरू शकतो. न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू, नाहीतर थेट रक्तात संसर्ग, अशी त्याची रूपे आहेत. लहान प्रयोगशाळेत तो साध्या स्यूडोमोनासच्या नावाखाली खपून जातो, आणि मग उपचाराची दिशा चुकते. उपचारात किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि नंतर सुमारे तीन महिने गोळ्या, असा क्रम असतो.

तेव्हा गमबूट घालायला लावा, पायाच्या जखमा झाकून ठेवा, पाणी उकळून द्या, आणि साखर तपासायचे यंत्र बॅगेत टाका. परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘गावी चिखलात गेले होते’ हे वाक्य डॉक्टरांना सांगितल्याशिवाय राहू नका; हा जंतू कधी कधी कित्येक वर्षांनीही डोके वर काढतो. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस घेतली आहे का, तेही एकदा पाहून घ्या. मायलोमात न्यूमोकोकसने येणारा न्यूमोनिया मेलिऑइडोसिसपेक्षा कितीतरी अधिक वेळा गाठतो.

प्रश्न : आजोबांच्या रक्तात ‘एलिझाबेथकिंगिया’ निघाला होता. आता बरे होऊन घरी आले आहेत. चार वर्षांच्या नातवाला त्यांच्याजवळ जाऊ द्यावे का? — एक वाचक, कळवा

उत्तर : खुशाल जाऊ द्यावे. हे भारदस्त नाव १९५९ साली या जंतूचे वर्णन करणाऱ्या एलिझाबेथ किंग या अमेरिकी जंतुशास्त्रज्ञ बाईंचे आहे. तो बहुतेक वेळा रुग्णालयातील सिंक, नळ, ओलसर नळ्या अशा जागांतून येतो. मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही अँटिबायोटिके त्याच्यावर सहसा चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांची धावपळ झाली असेल. निरोगी मुलाला आजोबांपासून तो होण्याची भीती नाही. नातवाला सर्दी-खोकला, कांजिण्या किंवा जुलाब असतील, तर मात्र त्याला दूर ठेवा. त्याला पल्स पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आजोबांच्या डॉक्टरांना आधी विचारा, कारण तोंडावाटे दिलेल्या लशीतील जिवंत विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो.